लॅव्हनहॅमचे चर्च नेमके कोणत्या सालचे?

एका निवृत्त जोडप्याचा प्रश्न आहे. मुलीकडे इप्सविचला राहायला आलेले असताना त्यांनी इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या लॅव्हनहॅम गावातले सेंट पीटर अँड सेंट पॉल हे चर्च पाहिले. एका ठिकाणी त्यांना पंधरावे शतक वाचायला मिळाले, दुसरीकडे चौदावे, तिसरीकडे सोळावे. शिवाय एवढी भव्य इमारत, तर पूर्वेकडचा टोकाचा भाग मात्र बुटका आणि उतरत्या छपराचा, हे त्यांना खटकले. पैसे संपले म्हणून तो भाग तसाच सोडला का, आणि हे चर्च नेमके कधीचे म्हणायचे, असे त्यांनी विचारले आहे.

आधी सरळ उत्तर देते. तो बुटका भाग अर्धवट राहिलेला नाही. चर्चमधला सगळ्यात जुना मोठा भाग तोच आहे, सुमारे १३४० चा. त्याच्यापुढचे उंच दालन, दोन्ही बाजूंच्या पडव्या, प्रवेशमंडप आणि मनोरा हे सगळे साधारण १४८५ ते १५२५ या चाळीस वर्षांतले. म्हणजे तुम्ही वाचलेली तिन्ही शतके बरोबर आहेत. इंग्लंडमधल्या जुन्या गावचर्चला एकच साल चिकटवायला गेले की गोंधळ होतो. तिथे प्रत्येक भागाला स्वतंत्रपणे वय विचारावे लागते.

जुन्या इमारतींच्या जतनाचे काम मी बरीच वर्षे करते आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रत्येक चर्चची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी असा नियम १९५५ च्या कायद्यापासून आहे, त्या तपासण्या हा माझ्या कामाचा मोठा भाग. नव्या चर्चला गेले की मी आत शिरत नाही. आधी बाहेरून एक पूर्ण फेरी मारते, आपल्याकडे देवळाला प्रदक्षिणा घालतो तशी. दक्षिण-पूर्वेच्या कोपऱ्यात, कबरींच्या मधल्या गवतात उभे राहिले की चर्चचे सगळे भाग एका नजरेत येतात. लॅव्हनहॅमला तिथून पाहा. उजवीकडे बुटके चॅन्सल, मध्ये नेव्हचे उंच दालन, डावीकडे मनोरा. तिघांची उंची वेगळी, छपराचा उतार वेगळा, खिडक्यांची जाळी वेगळी.

हे दोन शब्द समजले तर पुढचे सोपे जाईल. चॅन्सल म्हणजे पूर्वेकडचा वेदीचा भाग, पाद्र्याचा. नेव्ह म्हणजे लोक जमतात ते मोठे दालन. गाभारा आणि सभामंडप अशी कल्पना डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही. फरक एवढाच लक्षात ठेवा की इथे दोघांचे मालकपण आणि खर्च वेगवेगळ्या लोकांकडे होता, आणि तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यातच आहे.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये साधारण तेराव्या शतकापासून रीत अशी पक्की झाली की चॅन्सलची डागडुजी रेक्टरने करायची आणि नेव्हची गावकऱ्यांनी. रेक्टर म्हणजे त्या पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीच्या, उत्पन्नाचा हक्कदार, गावच्या पिकाचा दशांश ज्याच्याकडे जातो तो. हा रेक्टर कधी गावातच राहणारा पाद्री असे, तर कधी दूरचा एखादा मठ. दूरच्या मठाला या गावात भव्य चॅन्सल उभारून काय मिळणार? भिंती उभ्या आहेत, छप्पर गळत नाही, एवढ्यावर त्याचे समाधान. गावकऱ्यांचे तसे नव्हते. नेव्ह म्हणजे त्यांची प्रतिष्ठा, त्यांच्या वाडवडिलांच्या कबरी, शेजारच्या गावाशी चढाओढ. म्हणून गावात पैसा आला की नेव्ह उंचावते, पडव्या रुंदावतात, मनोरा चढतो, आणि चॅन्सल आहे तिथेच राहते. एकदा ही विभागणी ठाऊक झाली की इंग्लंडमधल्या निम्म्याअधिक चर्चची बाह्यरेषा आपोआप उलगडते.

ही विभागणी इतिहासजमा झाली असेही नाही. १५३० च्या दशकात मठ बरखास्त झाले, त्यांच्या जमिनी आणि दशांशाचे हक्क खासगी लोकांकडे गेले, आणि हक्काबरोबर चॅन्सल दुरुस्तीची जबाबदारीही गेली. ती जमिनीला चिकटून राहिली. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावी एका शेताच्या मालकांना याच जुन्या जबाबदारीमुळे चॅन्सलच्या दुरुस्तीचे बिल आले. ते कोर्टात गेले आणि २००३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल चर्चच्या बाजूने दिला.

लॅव्हनहॅमला पैसा आला तो लोकरीच्या कापडातून. निळ्या रंगात रंगवलेले इथले जाड कापड परदेशी जाई. १५२० च्या दशकातल्या करआकारणीत हे छोटे गाव देशातल्या सगळ्यात श्रीमंत गावांच्या यादीत मोठमोठ्या शहरांच्या बरोबरीने बसले होते. गावाचे जमीनदार ऑक्सफर्डचे अर्ल जॉन डी व्हेअर. १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत, पुढे सातवा हेन्री म्हणून राजा झालेल्या हेन्री ट्यूडरच्या आघाडीच्या फौजेचे नेतृत्व त्यांनी केले होते. विजयानंतर गावात नवे चर्च उभारण्याची प्रेरणा त्यांचीच, असे परंपरेने मानले जाते. दुसरे घराणे स्प्रिंग यांचे, पिढ्यानपिढ्या कापडाचे व्यापारी. त्यातले थॉमस स्प्रिंग १५२३ मध्ये वारले. मनोऱ्याच्या कामासाठी त्यांनी मृत्युपत्रात दोनशे पौंड ठेवले होते.

हे सगळे भिंतीवर वाचता येते, आणि माझा सगळ्यात आवडता भाग हाच. मनोऱ्याच्या पायथ्याशी जा, अगदी हात लागेल इतके जवळ. जोत्याच्या पट्ट्यात कोरीव चिन्हे आहेत. पाच टोकांची चांदणी हे डी व्हेअर घराण्याचे चिन्ह. एकमेकींवर आडव्या किल्ल्या सेंट पीटरच्या आणि तशाच आडव्या तलवारी सेंट पॉलच्या. त्यांच्याच रांगेत एक अक्षरासारखी, रेघारेघांची खूण दिसते. ती स्प्रिंग यांची व्यापारी खूण, जी ते कापडाच्या गठ्ठ्यांवर मारत. अर्लची चांदणी, संतांच्या किल्ल्या आणि कापडाच्या गठ्ठ्याची खूण, तिन्ही एकाच ओळीत, एकाच मापाच्या. मग मान वर करून मनोऱ्याच्या माथ्याकडे पाहा. तिथे स्प्रिंग यांची खूण नाही, त्यांचे कुलचिन्ह असलेल्या ढाली आहेत. मनोऱ्याचे काम दोन टप्प्यांत झाले, आणि मधल्या काळात या घराण्याला कुलचिन्ह बाळगण्याचा मान मिळाला. पायथ्याशी व्यापारी आणि माथ्यावर मानकरी. एका घराण्याची चढती कमान १४१ फूट उंचीत, म्हणजे सुमारे ४३ मीटरमध्ये, मांडलेली आहे.

दक्षिणेच्या प्रवेशमंडपाच्या कमानीवर रानडुकरे कोरलेली दिसली असतील. रानडुकराला लॅटिनमध्ये ‘व्हेरेस’ म्हणतात, आणि घराण्याचे नाव व्हेअर. नावावरून घेतलेले हे बोधचिन्ह. म्हणजे प्रवेशमंडपाचा खर्च कोणाचा, हे वेगळे सांगायची गरज नाही.

आता छपराकडे. नेव्हचे छप्पर जवळजवळ सपाट आणि चॅन्सलचे उतरते, यामागे शोभेइतकेच कारण साहित्याचे आहे. गवती छप्पर किंवा कौले असली की तीव्र उतार लागतोच, नाहीतर पाणी आत शिरते. शिशाच्या पत्र्याचे उलटे. शिसे जड आणि मऊ. तीव्र उतारावर ते उन्हाने तापून, स्वतःच्या वजनाने, वर्षानुवर्षे खाली सरकत राहते आणि शेवटी फाटते. मंद उतारावर ते शांत बसते. शिसे महाग होते, पण पैसा असलेल्या गावांना ते परवडले, आणि त्यामुळे छप्पर खाली बसवून भिंती उंच करता आल्या. उंच भिंतींमुळे पडव्यांच्या छपरांच्या वर खिडक्यांची आणखी एक रांग घालता आली. तिला क्लिअरस्टोरी म्हणतात. लॅव्हनहॅमच्या नेव्हमध्ये दुपारी वरून जो भरभरून उजेड पडतो, तो शिशाच्या पत्र्यामुळे शक्य झाला. जुने उतरते छप्पर काढून नवे मंद छप्पर घातलेल्या अनेक चर्चमध्ये मनोऱ्याच्या पूर्वेकडच्या भिंतीवर उलट्या ‘व्ही’सारखा व्रण राहिलेला असतो. ती जुन्या छपराची रेघ. दुसऱ्या एखाद्या गावी गेलात तर ती नक्की शोधा.

खिडक्यांबद्दल थोडे सावधपणे सांगते, कारण हौशी माणसे इथेच फसतात. चॅन्सलच्या काळातली शैली ‘डेकोरेटेड’. तिच्यात खिडकीच्या वरच्या भागातली दगडी जाळी वळणदार असते, पानाच्या शिरा किंवा ज्योती याव्यात तशी. नेव्हची शैली ‘पर्पेंडिक्युलर’. तिच्यात उभे दांडे थेट कमानीपर्यंत जातात, मध्ये आडव्या पट्ट्या, कमान वरून दबलेली आणि रुंद, काच जास्त आणि भिंत कमी. ही नावे बांधणाऱ्या पाथरवटांनी दिलेली नाहीत. वास्तुकार थॉमस रिकमन यांनी १८१७ मध्ये हे वर्गीकरण मांडले आणि ते रूढ झाले. दोन शैलींच्या मध्ये १३४८-४९ ची प्लेगची महाभयंकर साथ येते. लॅव्हनहॅमचे चॅन्सल त्या साथीच्या अगदी आधीचे आणि नेव्ह तिच्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. त्यामुळे इथे फरक ठळक दिसतो, मधल्या पायऱ्या नाहीत.

पण खिडकीचे वय म्हणजे भिंतीचे वय नव्हे. जुन्या भिंतीला भोक पाडून नवी, मोठी खिडकी बसवणे हे मध्ययुगात सर्रास चाले. एकोणिसाव्या शतकात तर कित्येक खिडक्यांची जाळी पूर्णच बदलली गेली. म्हणून मी खिडकीच्या नक्षीआधी तिच्या कडेचे दगड पाहते. कडेचे घडीव दगड भिंतीच्या थरांशी जुळत असतील तर दोघे एका वेळचे. कडेला ओबडधोबड भर घातलेली असेल, थर तुटलेले असतील, तर खिडकी नंतरची. दोन भिंती मिळतात तिथेही हेच. दोन्हीकडचे दगड एकमेकांत दातासारखे अडकलेले असतील, आपले गवंडी ज्याला सांधेमोड म्हणतात तशी ती असेल, तर काम एकत्र झाले. वरपासून खालपर्यंत सरळ उभी फट असेल तर एक भिंत दुसरीला नंतर येऊन टेकली आहे. कोणती कोणाला टेकली ते शोधा, म्हणजे क्रम कळला.

आत गेल्यावर चॅन्सल आणि नेव्ह यांच्यामध्ये एक कोरीव लाकडी पडदा दिसेल. तोही चौदाव्या शतकातला, चॅन्सलच्याच काळचा. आजूबाजूचे सगळे चर्च बदलले, पण हा पडदा टिकला, आणि मला दर वेळी त्याच्यापुढे थांबावेसे वाटते. अशा पडद्यावर पूर्वी क्रुसावरच्या येशूची मोठी मूर्ती उभी असे. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत त्या मूर्ती देशभर उतरवल्या गेल्या, भिंतींवरची रंगीत चित्रे चुन्याखाली गेली. आज आपल्याला जी पांढरी, शांत चर्च दिसतात ती तेव्हा रंगांनी भरलेली होती.

उत्तरेकडच्या पडवीत थॉमस स्प्रिंग यांच्या कबरीभोवती लाकडाचे एक कोंदण आहे. इतके बारीक कोरीव काम की लाकडाऐवजी विणकामच वाटावे. त्याच घराण्याने चॅन्सलला लागून एक छोटे प्रार्थनागृह बांधले. त्यावर थॉमस आणि पत्नी ॲलिस यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करा असा लॅटिन लेख आहे, साल १५२५. मृत्यूनंतर आत्मा शुद्धीसाठी तिष्ठत राहतो आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनेने त्याची वाट सुकर होते, ही तेव्हाची श्रद्धा. या सगळ्या बांधकामामागे कापडाच्या नफ्याइतकीच तीही होती. पुढे फक्त २२ वर्षांत, १५४७ मध्ये, मृतांसाठी प्रार्थनांची सोय करणारी असली देणगी-प्रार्थनागृहे कायद्याने बंद झाली. म्हणजे ज्या हेतूने दगड रचले तो हेतू एका पिढीतच बेकायदेशीर ठरला, आणि दगड पाचशे वर्षे उभे राहिले.

१५२५ हे साल गावासाठी आणखी एका कारणाने मोठे. आठव्या हेन्रीने फ्रान्सशी युद्धासाठी मागितलेल्या जादा कराविरुद्ध इथे विणकर उठले. बंडाचा इशारा चर्चच्या घंटांनी द्यायचा ठरला होता आणि गावातल्याच कोणीतरी घंटांचे लोलक काढून ठेवले, असे सांगतात. आजची सगळ्यात मोठी घंटा त्यानंतरची, कॉलचेस्टरच्या माइल्स ग्रे यांनी १६२५ मध्ये ओतलेली. घंटा वाजवणारे लोक तिच्या आवाजाचे नाव फार आदराने घेतात. रविवारी सकाळी गावात असाल तर बाहेर बाकावर बसून ऐका.

मनोऱ्याचा दगड तुम्हाला वेगळा वाटला असेल. काळसर, काचेसारखा चमकणारा. तो फ्लिंट, म्हणजे चकमकीचा दगड. सफोकमध्ये घडवता येईल असा चांगला दगड जवळजवळ नाहीच. शेतात आणि खडूच्या थरांत फ्लिंटचे गोटे मात्र मुबलक. म्हणून भिंत फ्लिंटची आणि फक्त कोपरे, कमानी, खिडक्या बाहेरून आणलेल्या चुनखडीच्या घडीव दगडाच्या. श्रीमंती दाखवायची तर घडीव दगड जास्त वापरायचा. लॅव्हनहॅमच्या नेव्हला तो आहे, त्यामुळे मनोरा काळसर आणि नेव्ह उजळ दिसते.

फ्लिंट पाणी पीत नाही. विटेसारखा तो चुन्याला धरूनही ठेवत नाही. भिंत उभी असते ती चुन्याच्या जाड भरावावर. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका छोट्या गावच्या चर्चची भिंत पाहायला मला बोलावले होते. पूर्वी कोणीतरी तिच्या दरजा सिमेंटने भरल्या होत्या. दिसायला स्वच्छ, कडक. मी बोटांच्या पेरांनी ठोकत गेले तर कमरेच्या उंचीला आवाज पोकळ यायला लागला. एक सैल गोटा काढला आणि आतला चुना ओल्या वाळूसारखा हातात आला. सिमेंटच्या बारीक तड्यांतून पाणी आत जात होते, बाहेर पडायला वाट नव्हती, थंडीत ते गोठून फुगत होते. साडेतीन मीटरचा पापुद्रा भिंतीपासून सुटून फक्त सवयीने उभा होता. तो उतरवून चुन्यात पुन्हा रचायला दोन उन्हाळे गेले. तेव्हापासून चर्चवर सिमेंट दिसले की मला अक्षरशः पोटात कालवते. तुम्ही पाहाल तेव्हा दरजांकडेही एक नजर टाका. मऊ, फिकट, किंचित खडबडीत दरज म्हणजे चुना. करडी, धारदार, दगडावर चढलेली दरज म्हणजे सिमेंट.

मुंबईला जाणे होईल तेव्हा कुलाब्याचे अफगाण चर्च पुन्हा बघा, आता वेगळ्या नजरेने. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधले, आराखडा हेन्री कॉनीबेअर यांचा, १८५८ मध्ये त्याचे समर्पण झाले आणि शिखर नंतर पूर्ण झाले. अरुंद, टोकदार खिडक्या पाहून ते तेराव्या शतकातले इंग्लिश चर्च वाटते. पण सांधे तपासले तर एकही नवी भिंत जुन्या भिंतीला टेकलेली सापडणार नाही, कारण सगळे एकाच आराखड्यातून उभे राहिले. चॅन्सलही वेगळे आणि ठळक आहे, पण रेक्टरच्या खर्चामुळे नव्हे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश धर्मपंडितांना चर्चचे मध्ययुगीन रूप हेच खरे रूप वाटत होते, म्हणून ते मुद्दाम तसे ठेवले. कुलाब्याच्या चर्चला एक साल विचारले तर एक साल मिळते. लॅव्हनहॅमला मिळत नाही.

अजून काही दिवस इप्सविचला असाल तर लाँग मेलफर्डला जरूर जा. लॅव्हनहॅमपासून सात-आठ किलोमीटरवर आहे. तेही कापडाच्या पैशातले, त्याच पिढ्यांतले चर्च, पण तिथे चॅन्सल आणि नेव्ह एकाच लांब छपराखाली सलग जातात. लॅव्हनहॅमला नेव्हकडून चॅन्सलकडे उंची जशी एकदम खाली उतरते, तशी पायरी तिथे नाही, आणि दोन्ही एकाच दिवशी पाहिली तर त्या पायरीचा अर्थ अंगवळणी पडतो. तिथला मनोरा मात्र जुना समजू नका. तो वास्तुकार जी. एफ. बॉडली यांनी १९०३ मध्ये पूर्ण केलेला आहे. बाहेरच्या भिंतीवर, वरच्या कडेने, देणगीदारांची नावे दगडात कोरून त्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करायला सांगितले आहे. कोणता भाग कोणाच्या पैशातून झाला ते ओळीने लिहिलेले आहे. अक्षरे उंचावर आहेत, त्यामुळे भिंतीच्या जवळ जाऊ नका. मागे गवतात सरका आणि दुर्बीण असेल तर सोबत न्या.